पात्राचे दैवत होते तेव्हा

नव्याने लिहू लागलेल्या आपल्या मुलामुलींच्या वह्या वाचताना अलीकडे एक गोष्ट वारंवार दिसते. आधी ते एखादे पात्र उभे करतात. पात्र वस्तीतले असते, पुष्कळदा घरातलेच. पुढच्या लेखनात तेच पात्र देव किंवा देवी होऊन येते. त्याला एक खाते मिळते, हातात आयुधे येतात, बसायला वाहन येते, नैवेद्य ठरतो. काहींनी ही रीत इंग्रजी अद्भुतरम्य कादंबऱ्यांतून उचलली आहे, काहींनी आजीच्या देव्हाऱ्यातून. उगम कोणताही असो, प्रश्न आपला आहे. ज्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर जुने देव नाकारण्याची प्रतिज्ञा केली, त्या समाजातील आजचा तरुण लेखक स्वतःच देव घडवू लागतो, तेव्हा त्याला नेमके काय हवे असते? आणि त्याच्या हाती काय लागते?

हे सारे धम्मविरोधी म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. 'नवे मिथक' म्हणून त्याची पाठ थोपटणे तर त्याहून सोपे आहे. दोन्ही सोयी बाजूला ठेवून मला एका विद्यार्थ्याच्या लेखनाविषयी लिहायचे आहे. त्याचे नाव येथे देत नाही. लेखन अजून छापलेले नाही.

त्याने आधी एक कथा लिहिली. कथेतली बाई शहरात झाडूकाम करते. तिचा नवरा कंत्राटी कामगार. तो गटारात उतरतो आणि परत वर येत नाही. त्यानंतरची सगळी कथा त्या बाईच्या फेऱ्यांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी दिलेल्या निकालात, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सांगितले. ही गोष्ट तिला वस्तीतल्या एका कार्यकर्त्याकडून कळते. ती कागद जमवते. मुकादम म्हणतो, तो आमच्या हजेरीपटावर नव्हताच. ती विचारते, मग त्याच्या अंगावर दोर कोणी बांधला होता? कथा या प्रश्नापाशी संपते. या मुलाची भाषा कच्ची आहे, मधली दोन पाने सैल आहेत. पण हा प्रश्न वाचल्यावर मला थोडा वेळ पुढची वही उघडता आली नाही.

वर्षभराने त्याने याच बाईवर दीर्घ कविता लिहिली. कवितेत ती देवी आहे. शहराच्या पोटातली सारी गटारे हे तिचे क्षेत्र. एका हातात खराटा, दुसऱ्या हातात लोखंडी घमेले, कपाळावर विजेरी, वाहन घूस. शहर तिच्या पायाशी लोळते, क्षमा मागते आणि ती अभय देते. भाषा आता पक्की झाली आहे. प्रतिमा दणकट आहेत. एका संमेलनात त्याने ती वाचली तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला आणि मीही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून पुन्हा वाचल्या आणि लक्षात आले की कवितेत ती बाई एकही प्रश्न विचारीत नाही. नुकसानभरपाईचा कागद नाही, मुकादम नाही, दोर नाही, मेलेला नवरासुद्धा नाही. देवीला नवरा लागत नाही आणि भरपाईही लागत नाही. कथेतली बाई मागत होती. कवितेतली देवी देते आहे. बढती मिळाली आणि मागणी गेली.

माझा आक्षेप एवढाच आहे, पण तो मी मूलभूत मानतो.

देवाला खाते असणे म्हणजे काय, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळायला हवे? मरीआईचे खाते पटकीचे. गावात पटकी शिरली की मरीआईचा गाडा निघायचा, आणि तो शिवेपलीकडे नेऊन सोडायचे काम आपल्याकडे असायचे. पोतराजाने अंगावर कोरडे ओढून घ्यायचे, आपल्या बायांनी अंगात आणायचे, रोग शिवेबाहेर न्यायचा आणि आपणही शिवेबाहेरच राहायचे. देवीचे खाते ठरले की त्या खात्यात राबणारी जातही ठरत असे. खाते ही केवळ कल्पनेची वाटणी नव्हती. कामाचीही वाटणी होती.

या खात्याने झाकले काय? पाणी. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखवला. पटकीचा मुक्काम देवीच्या कोपात नसून पाणवठ्यावर होता. आणि पाणवठा हीच ती जागा, जिथे आपल्याला पाऊल टाकण्याची बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा त्यांनी मरीआईच्या खात्याला हातही लावला नाही. त्यांनी सरळ तळ्यावर हक्क सांगितला. त्यानंतर सनातन्यांनी तेच तळे गाईच्या शेणमुताने 'शुद्ध' केले. रोग कशाने होतो आणि विटाळ कशाने होतो, या दोन प्रश्नांतले अंतर महाडात उघडे पडले. देवीचे खाते शाबूत राहिले असते, तर तळ्याचा प्रश्न कदाचित कोणी विचारलाच नसता.

खराट्याचेही तसेच. आमच्या विद्यार्थ्याला वाटले, खराटा हाती घेतलेली देवी त्यानेच प्रथम घडवली. तसे नाही. शीतलामातेच्या हातात झाडू आहे, डोक्यावर सूप आहे, वाहन गाढव आहे, खाते देवीच्या रोगाचे. शतकानुशतके तो झाडू पूजला गेला. त्या पूजेने झाडू धरणाऱ्या एका तरी हाताला शाळेत पोचवले का? देवीचा रोग गेला तो लसीने. जागतिक आरोग्य संघटनेने ८ मे १९८० रोजी त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. शीतलेचे खाते असे बंद पडले, देऊळ मात्र चालू आहे. आणि देवळाबाहेरचा झाडूही त्याच जातीच्या हातात आहे.

म्हणून कामाला देवत्व देण्याची भाषा ऐकली की मी सावध होतो. भंगीकाम ही थोर सेवा आहे असे गांधीजी सांगत. १९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्या कार्याची झडती घेणाऱ्या ग्रंथात बाबासाहेबांनी या शिकवणीवर कठोर टीका केली. ज्याच्यावर काम लादले आहे त्याला त्या कामाचा अभिमान बाळगायला सांगणे, हा त्यांच्या मते त्याच्या दुःखावरचा उपाय नव्हता. आमचा तरुण कवी गांधीवादी नाही. तो विद्रोही आहे आणि त्याची देवी शहराला पायाशी लोळवते. पण खराटा तिच्याच हातात आहे! गटार तिचेच क्षेत्र आहे! विद्रोहाचा आवेश चढला तरी कामाची वाटणी जिथल्या तिथे राहिली.

येथे कोणी विचारील, आपल्या लोकांनी प्रतीके घडवायचीच नाहीत काय? हजारो वर्षे ज्यांना आरशात स्वतःचे तोंड पाहू दिले नाही, त्यांनी आपली माणसे उंच चौथऱ्यावर ठेवली तर तुमच्या पोटात का दुखते? हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. ज्या प्रतीकासाठी माणसांनी प्राण दिले, त्याविषयी आरामखुर्चीत बसून शेरेबाजी करण्याचा अधिकार कोणाही समीक्षकाला नाही. प्रतीक हवेच. मला विचारायचे आहे ते पुढचे: ते प्रतीक आपल्याकडून काय करवून घेते?

या संदर्भात उत्तर प्रदेशातल्या एका देवीचा विचार करण्यासारखा आहे. लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका या गावी २०१० साली 'इंग्रजी देवी'च्या देवळाचे काम सुरू झाले. कल्पना दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद यांची. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या धर्तीवरची मूर्ती. उंचावलेल्या हातात लेखणी, दुसऱ्या हातात भारताचे संविधान, डोक्यावर रुंद काठाची हॅट, पायाखाली संगणक. खाते इंग्रजी भाषेचे. मेकॉलेच्या जन्मदिवशी, २५ ऑक्टोबरला, उद्घाटन करायचा बेत होता. स्थानिक प्रशासनाने परवानगीचा मुद्दा काढून बांधकाम थांबवले.

वर्तमानपत्रांतून या देवीची पुष्कळ टिंगल झाली. आपली मुले इंग्रजी शाळेत घालून मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्यांना ती शोभलीही असेल. मी त्या टिंगलीत सामील होत नाही. चंद्रभान प्रसाद यांचा डाव साधा नव्हता. ज्या समाजात देवाच्या शब्दाशिवाय पान हलत नाही, तिथे 'मुलीला इंग्रजी शिकवा' हा उपदेश देवीच्या तोंडून गेला तर तो घराघरांत पोचेल, हा त्यामागचा हिशेब होता. शिवाय तिची प्रतीके पाहा. लेखणी, संविधान, संगणक. यांतले एकही आपल्यावर लादलेले नाही. सारी आपल्याला नाकारलेली आहेत. आमच्या कवीच्या खराट्यात आणि या लेखणीत हा फरक आहे, आणि तो फार मोठा आहे. इंग्रजी देवीला माझ्या लेखी त्याबद्दल पुरे गुण.

पण मेकॉलेच्या जन्मदिवसापाशी मी अडखळतो. मेकॉलेच्या १८३५ च्या टिपणात सर्व जनतेला शिकवण्याचा विचारच नाही. आधी एक वरचा वर्ग तयार करायचा आणि त्याच्याकडून विद्या खाली झिरपू द्यायची, असा तो बेत. ती झिरपली नाही, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात सरकारला तोंडावर सुनावले. शेतकऱ्यांच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च होतो आणि खालच्यांसाठी प्राथमिक शाळाही पुरेशा नाहीत, ही त्यांची तक्रार होती. म्हणजे जोतीराव त्याच इंग्रजी विद्येची मागणी करीत होते, पण तिच्या मालकाला जाब विचारीत होते. त्याआधी, १८५४ साली, 'काव्यफुले' या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजी विद्येवर कविता लिहिली आणि तिला 'माउली' म्हटले. माउली म्हणजे आई. आईजवळ हट्ट करता येतो, तिने एका लेकराला जेवू घातले आणि दुसऱ्याला उपाशी ठेवले तर तिच्याशी भांडता येते. देवीशी भांडता येत नाही. तिला नवस बोलावा लागतो, आणि ती पावली नाही तर दोष भक्ताच्या भक्तीचा ठरतो. बांक्याच्या एखाद्या मुलीला इंग्रजी आले नाही तर दोष कोणाचा? शिक्षक न नेमणाऱ्या सरकारचा, की तिच्या पूजेत राहिलेल्या उणिवेचा? देवळात हा प्रश्न दुसऱ्या अंगाला वळतो. शाळेत तो वळू शकत नाही.

जोतीरावांकडे मी मुद्दामच आलो. पात्रांचे देव करण्याचा जो खेळ आज चालला आहे, त्याच्या नेमका उलटा खेळ त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त खेळला. धोंडीबाशी चाललेल्या त्या संवादात ते एकेका देवाला देव्हाऱ्यातून उचलतात आणि बळीराजाच्या दरबारात नोकरीला लावतात. खंडोबा हा बळीच्या राज्यातील एका खंडाचा अधिकारी. म्हसोबा म्हणजे महासुभा. सारा वसूल करणारा, न्याय पाहणारा, पीकपाणी बघून सूट देणारा अंमलदार. शेताच्या कडेला शेंदूर फासलेला धोंडा जोतीरावांच्या हाती आला आणि त्याच्या जागी महसूल खात्यातला एक न्यायी माणूस उभा राहिला. तळी उचलण्याच्या विधीतही त्यांना कामगिरी पत्करण्याची जुनी खूण दिसली.

या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीत, हे सांगायला पंडिताची गरज नाही. म्हसोबाचे नाते दामोदर धर्मानंद कोसंबींनी महिषासुराशी जोडले आहे. खंडोबाचा इतिहास रा. चिं. ढेरे आणि सोन्थायमर यांनी निराळ्या वाटांनी शोधला आहे. पण जोतीरावांचा वाद व्याकरणाचा नव्हता. खाते तेच ठेवून त्यांनी खातेदार बदलला. शेत म्हसोबाचेच, पण म्हसोबा आता अधिकारी. अधिकारी म्हटला की प्रश्न सुरू होतात. पीक बुडाले त्या साली सूट का दिली नाही? न्याय का झाला नाही? बळीच्या राज्यात सूट मिळत होती, तर इंग्रजाच्या राज्यात का मिळत नाही? शेंदरी धोंड्याला असे विचारता येत नाही. अंमलदाराला येते. 'गुलामगिरी' वाचणाऱ्या कुणब्याच्या हाती जोतीरावांनी म्हसोबाऐवजी एक अर्ज दिला, असे मी म्हणेन.

आणि जोतीरावांना स्वतःला विश्वाचा कर्ता मानावासा वाटला तेव्हा त्यांनी काय केले? 'सार्वजनिक सत्यधर्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निर्मिकाला आयुध नाही, वाहन नाही, नैवेद्य नाही, नामस्मरणाची हौस नाही आणि मध्ये दलाल नाही. एखादे वेगळे खातेही नाही. खाते नाही म्हणून त्या खात्यात राबणारी जात नाही.

बाबासाहेबांनी तर हा दरवाजा दोन्ही बाजूंनी बंद केला. बावीस प्रतिज्ञांत जुने देव नाकारले आहेतच. शिवाय बुद्ध हा विष्णूचा अवतार, हे म्हणणेही खोटे म्हणून नाकारले आहे. आपलाही माणूस त्यांच्या देव्हाऱ्यात जाऊ द्यायचा नाही, असा त्याचा अर्थ मी घेतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला बुद्ध वाट दाखवतो, मोक्ष देत नाही. १९४३ साली पुण्यात रानड्यांवर बोलताना त्यांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत, राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. ज्याची पूजा होण्याची सर्वांत अधिक शक्यता होती, त्यानेच हे बजावून ठेवले आहे.

आता बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे या नजरेने पाहा. अंगात सूट, काखेत पुस्तक, एक हात पुढे आणि बोट लांब कुठेतरी रोखलेले. देवाचा हात अभय देतो, तळवा भक्ताकडे असतो. हा हात काही देत नाही. तो दाखवतो. पाहणाऱ्याने पुतळ्याकडे पाहत राहू नये, बोट रोखले आहे तिकडे चालू लागावे, अशी त्याची घडण आहे. गावोगावच्या अनाम मूर्तिकारांनी हे रूप शेकडो वेळा घडवले आणि त्यांना ते बरोबर कळले होते असे मी मानतो. त्या पुतळ्यापुढे नवस बोलला जाऊ लागेल त्या दिवशी बोट तेच राहील, पण त्याचे दाखवणे संपलेले असेल.

तेव्हा देव घडवू पाहणाऱ्या माझ्या तरुण लेखकमित्रांनो, तुम्हाला बंदी घालणारा मी कोण? पण घडवताना तीन गोष्टी स्वतःला विचारा. तुमच्या देवीच्या हातातले प्रतीक आपल्यावर लादलेले आहे की आपल्याला नाकारलेले? तिचे खाते आपल्याला त्याच कामाला पुन्हा जुंपते, की त्यातून बाहेर काढते? आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे: देवी होण्याआधी ती बाई जो प्रश्न विचारीत होती, तो देवी झाल्यावरही विचारते का?

हाताने मैला उपसण्यास बंदी करणारा पहिला कायदा १९९३ साली आला, दुसरा २०१३ साली. गटारातल्या मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. तरी माणसे गटारात उतरत आहेत आणि मरत आहेत. याचा अर्थ, त्या कथेतली बाई अजून कुठल्यातरी कचेरीच्या दारात उभी आहे. तिला आज हजेरीपट हवा आहे, साक्षीदार हवा आहे, अर्ज नीट लिहून देणारा कोणीतरी हवा आहे. आरती तिला उद्याही नको असेल.

त्या विद्यार्थ्याला मी दोन्ही वह्या परत केल्या. कविता टाकून दे असे म्हणालो नाही. त्यातल्या काही प्रतिमा मला कधीच लिहिता आल्या नसत्या. एवढेच म्हणालो, देवीला तिच्या घुशीवरून उतरव आणि त्या मुकादमासमोर पुन्हा उभी कर. पाहू या, दोर कोणी बांधला होता याचे उत्तर तो काय देतो. तो काही बोलला नाही. वह्या पिशवीत घालून निघून गेला. कविता तो पुन्हा लिहील की नाही, मला सांगता येत नाही. लिहिली, तर ती छापण्याचा आग्रह मीच या त्रैमासिकाच्या संपादकांना धरीन.